विद्यार्थ्याने युरोपात उन्हाळा कसा काढावा

परदेशी विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाला जाण्याची प्रथा आता चांगली रुजली आहे, पण तिचे शास्त्र अजून कोणी लिहून ठेवलेले नाही. फॉर्म कसा भरायचा ते एजंट सांगतो, बॅग कशी भरायची ते मावशी सांगते; मधला सगळा भाग विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडलेला असतो. ती उणीव भरून काढण्यासाठी हे मार्गदर्शन. नमुना म्हणून हायडेलबर्ग घेतले आहे. तिथले विद्यापीठ १३८६ सालचे. शेजारी नेकार नदी, वर टेकडीवर फ्रेंच सैन्याने सतराव्या शतकात फोडलेला किल्ला, आणि खाली जर्मन शिकण्याच्या निमित्ताने जगभरातून जमलेली मुले. दुसऱ्या गावी जाणाऱ्यांनी किल्ल्याच्या जागी चर्च वाचावे, बाकी मजकूर तोच.

सुरुवात साहित्यनिर्मितीने होते. व्हिसाच्या अर्जासोबत एक पत्र जोडावे लागते आणि त्यात दोन परस्परविरोधी भावना एकाच उत्कटतेने मांडाव्या लागतात: युरोपात जाण्याची तळमळ, आणि तिथून परत येण्याची त्याहून मोठी तळमळ. परत येण्याची कारणे म्हणून आईवडील, अपुरी पदवी आणि वडिलांच्या मुदत ठेवी यांचा उल्लेख करावा. मातृभूमीच्या प्रेमाचा करू नये. त्याची झेरॉक्स जोडता येत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि त्यात मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. हा कागद आजीच्या हाती पडू देऊ नये. हे सगळे ज्या शेंगेन गावाच्या नावाने चालते, ते लक्झेंबर्गमधले एक छोटेसे खेडे. १९८५ साली पाच देशांनी त्याच्याजवळ मोझेल नदीत, बोटीवर बसून करारावर सह्या केल्या. बोटीवर सह्या करणाऱ्यांना सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट कोणी मागितले नसावे.

आता बॅग. युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे गेले, बर्फी गेली, आणि घरचे साजूक तूपही गेले. फळांचा नियम तर मुळातूनच अभ्यासण्याजोगा आहे. ताजे फळ आणायचे तर रोगमुक्ततेचा सरकारी दाखला हवा. अपवाद फक्त पाच फळांचा: अननस, नारळ, केळे, खजूर आणि ड्युरियन. ज्याच्या वासापायी आग्नेय आशियातल्या हॉटेलांच्या दारात मनाईचे फलक लागतात, ते ड्युरियन बिनदिक्कत आत जाते आणि देवगडचा हापूस दारात अडतो. २०१४ साली तर फळमाशी सापडली म्हणून संघाने भारतीय आंब्याची आयातच बंद केली होती. पुढच्या वर्षी ती बंदी उठवली. तरीही कोणीतरी काका 'दोनच टाक, कपड्यात गुंडाळून' असे सांगतातच. त्यांना नारळ घेऊन जातो म्हणून सांगावे. नारळ कायदेशीर आहे, शिवाय शुभही. उरलेल्या जागेत भाजणी, मेतकूट आणि भाकरवडी भरावी. बॅगेचे वजन २३ किलोच्या आत आणताना सर्वप्रथम जर्मन व्याकरणाचे पुस्तक बाहेर निघते. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये, सर्वांचेच निघते.

पोहोचल्यावर पहिला आठवडा गुणाकारात जातो. दिसेल त्या किमतीला साधारण शंभराने गुणावे आणि मग वस्तू जागेवर ठेवावी. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचा एक युरो गुणू नये, शरीरावर परिणाम होतो. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. हा शोध लागला की विद्यार्थी नेकारच्या काठावरच्या कचरापेट्यांकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. त्या नजरेचा फोटो घरी पाठवू नये. रविवारी दुकाने बंद असतात, हे पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता समजते. तोवर भाकरवडी जपून ठेवावी.

आता अभ्यास, कारण कागदोपत्री आपण त्यासाठीच आलो आहोत. युरोपात शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. पाच क्रेडिटच्या वर्गासाठी १२५ ते १५० तास भरतात. हा हिशेब वर्गाबाहेरचा अभ्यासही धरून केलेला असतो, आणि वर्गाबाहेर काय चालते ते विद्यापीठ विचारत नाही. बेकरीत पाव मागणे हे संभाषण, चुकीच्या बसमध्ये चढणे हे श्रवण, वाहकाने केलेल्या दंडाची पावती हे वाचन. या पद्धतीने क्रेडिट दुसऱ्याच आठवड्यात पुरे होतात. जर्मनमधल्या तीन लिंगांना मराठी मुलाने घाबरण्याचे कारण नाही. मार्क ट्वेन मात्र घाबरला. १८७८ च्या उन्हाळ्यात तो याच गावात मुक्कामाला होता. जर्मन भाषेने त्याला इतके पिडले, की १८८० साली आलेल्या आपल्या प्रवासवर्णनाला त्याने तिच्याविरुद्ध एक आख्खे परिशिष्ट जोडले. अपयशाचा इतका चांगला उपयोग सर्वांना जमत नाही, तरी उदाहरण डोळ्यांपुढे असावे.

टंगळमंगळीची लाज वाटू लागली तर जुन्या विद्यापीठाच्या मागची विद्यार्थी-कोठडी पाहून यावी. १७७८ ते १९१४ या काळात विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांना तिथे स्वतःच डांबत असे. गुन्हे: रात्री रस्त्यात आरडाओरडा, दारूचा धिंगाणा, तलवारबाजी, पोलिसांशी हुज्जत. कैद्याला व्याख्यानासाठी बाहेर सोडत, म्हणजे शिक्षेतही हजेरी चुकत नसे. पुढेपुढे तर आत जाऊन येणे मानाचे झाले आणि मुलांनी काजळीने आपली नावे आणि चेहरे भिंतीवर काढून ठेवले. आता त्याच भिंती पाहायला तिकीट लागते. आपल्या वसतिगृहाच्या भिंतींचे मोल रेक्टरना अजून कळलेले नाही, एवढेच.

एक नाव मात्र घरच्यांच्या कानांवर जाऊ देऊ नये: गुंथर-डिट्झ सोंथायमर. हे हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले प्राध्यापक. ते महाराष्ट्रात आले, मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ साली जाडजूड जर्मन ग्रंथ लिहिला. अभ्यासाच्या नावाखाली परदेशात जाऊन खरोखरच अभ्यास करणारी माणसे असतात, हे वडिलांना कळले तर पुढचा हप्ता धोक्यात येतो.

शुक्रवारी दुपारी वर्ग सुटला की प्रवास. रेल्वेचा युवा पास २७ वर्षांपर्यंत मिळतो आणि त्यावर सगळीकडे फिरता येते असे पासवाल्याला वाटते. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना त्यावर आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, हे फ्रान्सला निघताना कळते. गाडी गंतव्याला साठ मिनिटे उशिरा पोहोचली तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तास उशिरा पोहोचली तर ५० टक्के परत, असा युरोपीय नियम आहे. त्यामुळे ५८ मिनिटांच्या उशिरासारखे दुर्दैव नाही. पन्नास मिनिटे झाली की डब्यातले सगळे शिस्तप्रिय प्रवासी मनातल्या मनात आणखी एखाद्या सिग्नलसाठी प्रार्थना करू लागतात, आणि नेमका तेव्हाच ड्रायव्हर वेग घेतो.

तीन आठवड्यांनी मेतकूट संपते. अशा वेळी जुन्या पुलावर जाऊन बसावे. पुलाच्या टोकाला हातात आरसा धरलेले ब्राँझचे माकड आहे. त्याच्या आरशाला हात लावला तर पैसा मिळतो, शेजारच्या उंदरांना लावला तर मुले होतात आणि बोटांना लावला तर माणूस पुन्हा हायडेलबर्गला येतो, अशी समजूत आहे. बोटांना हात लावू नये. आपण व्हिसाच्या पत्रात लेखी दिले आहे. नुसते बसावे आणि कान उघडे ठेवावेत. पुण्या-मुंबईच्या सहलींच्या बसेस याच गावात थांबतात. 'अहो, ती माझी टोपी बसमध्येच राहिली' असे ऐकू आले की उठून अगदी सहज म्हणावे, ''काकू, तुमचा फोटो काढून देऊ का?''

''अगंबाई, मराठी का तू? कुठला रे?''

''सांगलीचा. इथे शिकायला आलोय.''

''एकटा? जेवतोस तरी काय?''

इथे गप्प राहावे. फार बोलणाऱ्याला फक्त सल्ला मिळतो. पाचव्या सेकंदाला काकू पर्समधून चिवडा काढतात, काका मागून ''अगं, ते लाडूही दे'' म्हणतात आणि सहलीचा व्यवस्थापक रात्रीच्या हॉटेलचे नाव सांगून टाकतो. तिथे वरण-भात असतो. काकूंची भाची यंदा बारावीला आहे आणि तिलाही जर्मनीलाच पाठवायचे आहे, हे त्या वरण-भाताचे मूल्य. ते दीड तास ऐकून चुकते करावे.

घरच्या फोनसाठी एवढेच लक्षात ठेवावे, की उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. आई सकाळी सातला देवपूजा आटोपून निवांतपणे विचारते, ''उठलास का?'' तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन असतात. विद्यार्थी नुकताच गादीवर पडलेला असतो. ''अभ्यास करत होतो'' हे उत्तर पुरते. आवाजाला आवश्यक तो थकवा त्या वेळी आपोआप असतो.

परतल्यावर एकच परीक्षा उरते. गणपती तोंडावर आलेले असतात आणि सोसायटीच्या मंडळाला कार्यक्रम हवा असतो: 'माझे युरोपातील अनुभव', चित्रफितीसह. किल्ल्याचे फोटो भरपूर दाखवावेत, कोठडीचा इतिहास सांगावा, ड्युरियनवर हशा घ्यावा. पहिल्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक मात्र हात वर करून 'बाळा, तिकडे शिकलास काय?' असे विचारण्याच्या तयारीतच बसलेले असतात. म्हणून भाषण संपताच आरतीची झांज वाजेल, असे कार्यकर्त्यांशी आधीच ठरवून ठेवावे.