आक्कांच्या तोरणातली अळी

अहो, ऐकलंत का? म्हणजे ऐकलं असेलच म्हणा, अख्ख्या रुईकर कॉलनीला ठाऊक आहे. पण दसऱ्याला आक्कांच्या दारात नेमकं काय झालं ते कुणी धड सांगत नाही. या, अशा जरा कुंपणाजवळ या. त्यांच्या मागच्या खिडकीचा काही भरवसा नाही.

तर त्या कोपऱ्यावरच्या नव्या वहिनी. परडं ते केवढं, पण हौस दांडगी. त्यांनी टोमॅटोच्या मधे मधे गोंडा लावला, तो बुटका, मखमली असतो ना, तो. आक्का कुंपणावरून बघतच होत्या. ‘भाजीत फुलं कशाला गं? देवाला की मालकांना?’ वहिनी म्हणाल्या, ‘कंपॅनियन प्लांटिंग आहे आक्का. वासानं कीड पळते.’ आता आक्कांचं माहेर शिरोळकडचं, भाजीतच वाढलेल्या. त्यांना इंग्रजीतून कीड शिकवायची म्हणजे... ‘आमच्याकडं टोमॅटोला मोठा भगवा गोंडा लावतात,’ त्या म्हणाल्या, ‘आणि कीड पळत नाही त्यानं. उलट येते!’ ‘मग लावता कशाला?’ वहिनींनी विचारलं. आक्कांचं तोंड असं झालं की काय सांगू. ‘लावतात म्हणून लावतात,’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या कडेनं मोठ्या गोंड्याची ओळ उभी! तयार रोपं, चांगली वीतभर वाढलेली. ईर्षा हो, दुसरं काय.

तर काय सांगत होते... हां, दसरा. त्या दिवशी गोंड्याचा भाव काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. आक्कांनी घरचीच फुलं तोडली, कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत, आणि हे एवढं तोरण! आल्या-गेल्याला सांगत होत्या, ‘विकतचं नाही हं, परड्यातलं आहे.’ संध्याकाळी दसरा चौकातलं सोनं लुटून झालं, माणसं घरोघरी निघाली. विहीणबाई सोनं द्यायला उंबऱ्यात उभ्या, अंगावर पैठणी, आणि वरून टप्पकन... अळी! हिरवी, जाड, कडेनं पांढुरकी रेघ असलेली. बरोब्बर पदरावर. विहीणबाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट. नुसत्या बघत राहिल्या. मागं वहिनी आपट्याची पानं घेऊन उभ्याच होत्या. ‘काय आक्का,’ म्हणाल्या, ‘आली वाटतं कीड?’ आणि आक्का, मानलं बरं का मी, आक्का म्हणाल्या, ‘मग? येते म्हटलं नव्हतं मी?’

तेवढ्यात आले आपले सर. ॲग्रिकल्चर कॉलेजातून रिटायर झालेले. त्यांना विषय मिळाला की समोरचा चहा गार होतो. त्यांनी ती अळी पदरावरून चिमटीत उचलली आणि चष्मा वर करून म्हणाले, ‘हेलिकोव्हर्पा. हरभऱ्यातली घाटेअळी हीच, टोमॅटो पोखरते तीही हीच. डोकं फळात आणि निम्मं अंग बाहेर ठेवून खाते.’ विहीणबाईंनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

मग काय, लेक्चर! तिच्या मादी पतंगाला म्हणे टोमॅटोपेक्षा मोठ्या गोंड्याच्या कळ्या आवडतात, अंडी तिथंच घालते. म्हणजे आपल्याकडं येणारी भोचक बाई परस्पर शेजारणीकडं चहाला बसवायची, तसलं ते. बंगळूरला हेसरघट्ट्याला भाजी-फळांची मोठी सरकारी संस्था आहे ना, तिथल्या लोकांनी १९९४ साली हे छापलंय. टोमॅटोच्या १६ ओळींना गोंड्याची १ ओळ. पण गोंड्याचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, एकाच दिवशी लावायचं. म्हणजे दोघांना फूल एकदम येतं. गोंडा मागून फुलला तर अळी थांबत नाही हो त्याच्यासाठी.

आक्का अशा काही फुलल्या! तर सर म्हणाले, ‘पण त्या किडक्या कळ्या, फुलं वेचून साबणाच्या पाण्यात बुडवायची असतात. दाराला नाही बांधायची.’ उतरलं तोंड. शिवाय सगळ्याच कळ्या खुडल्यावर उरलेले पतंग कुठं जाणार? टोमॅटोवरच की.

आता वहिनींना हसू आवरेना. पण सर त्यांच्याकडं वळले. मखमली गोंडा वेगळ्या कामाचा. त्याच्या मुळांतून एक रसायन सुटतं, अल्फा-टर्थिएनिल, ते मातीतल्या सूत्रकृमींना मारक, त्याच त्या मुळांना गाठी आणणाऱ्या. पण त्यासाठी तो दोन-तीन महिने वाफाभर दाट हवा. टोमॅटोत चार रोपं खोचून सूत्रकृमी ढिम्म हलत नाहीत. ‘आणि वास?’ वहिनींनी बारीक आवाजात विचारलं. वासाचंही खरं आहे म्हणे! विलायतेत न्यूकॅसल विद्यापीठानं २०१९ साली दाखवलंय, मखमलीच्या वासातल्या लिमोनीननं पांढरी माशी टोमॅटोपासून लांब राहते. वहिनींनी आक्कांकडं असं बघितलं... पण तो प्रयोग काचघरातला. आणि गोंडा पहिल्यापासून हवा, माशी बसल्यावर लावून तेवढा उपयोग नाही. वहिनींच्या टोमॅटोची पानं तर गणपतीतच गोळा झाली होती, मी बघितलीत ना. त्यांनी गोंडा लावला त्यानंतर.

म्हणजे बरोबर दोघी, आणि दोघींचे टोमॅटो किडके. मला तर बाई हसावं की रडावं... आणि जाता जाता सर आणखी एक काडी टाकून गेले. गोंडा मूळचा मेक्सिकोचा, म्हणाले. आक्का नुसत्या बघतच राहिल्या. ‘नवरात्रभर अंबाबाईला वाहिला तो?’ तोच.

आता नवीनच काय चाललंय ते ऐका. कोबी! आक्कांनी मोहरी पेरलीय वाफ्याच्या कडेला, कोबी लावायच्या १५ दिवस आधी. कोबीवर तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो ना, तो मोहरीवर जातो, मावाही जातो, मग औषध मारायचं ते नुसतं मोहरीवर. दुसरी ओळ कोबी लावल्यावर २५ दिवसांनी पेरायची, कारण पहिली तोवर जून होते. हे सगळं सरांना चोरून विचारून आल्यात. आणि सर काय, वहिनींनाही तेच सांगून बसलेत!

आणि ऐका, त्या मोठ्या गोंड्याचं बी आक्कांनी डब्यात जपून ठेवलंय. मला हवंय, पण मी मागितलं तर कुणाच्या बाजूची ते विचारतील. तुम्हीच जा ना. चिमूटभर जास्तच मागा. फक्त माझं नाव काढू नका.