पत्ता डावीकडे, मजकूर गाईडात

दहावीच्या इंग्रजीत पत्रलेखनाला पाच गुण. मित्राच्या अभिनंदनाचं पत्र आलं, की मित्र कुठल्या तरी स्पर्धेत पहिला आलेला असतो. पत्ता डावीकडे, त्याखाली तारीख आणि मग ‘आय ॲम ओव्हरजॉइड टू हिअर’. शिंदखेड्याचं पोर आणि सावंतवाडीचं पोर एकाच सकाळी, एकाच शब्दांत हर्षभरित! खरा मित्र मागच्या बाकावर तेच पत्र लिहीत असतो आणि तो बहुधा कशातच पहिला आलेला नसतो.

याला आपण लेखनकौशल्य म्हणतो. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, आता घोकंपट्टी संपणार असं सांगितलं गेलं. गाईडवाल्यांनी कृती पाठ करायला दिल्या. कवितेचं रसग्रहण तर बघा : शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. रकाने भरा, गुण घ्या. कविता वाचायची सक्ती नाही.

मास्तरांना झोडपणं सोपं आहे, पण जरा गणित मांडा. वर्गात साठ मुलं. एका निबंधाला पाच मिनिटं धरली, तर एका तुकडीला पाच तास. तुकड्या चार असल्या की वीस तास, तेही प्रत्येकाचा एकच निबंध तपासायला. वर ऑनलाइन माहिती भरणं आहे, निवडणुकीची ड्यूटी आहे. मग मास्तर निबंध फळ्यावर लिहितात, पोरं उतरवून घेतात, खाली लाल शाईची सही. साठ वह्या आणि निबंध एक. तपासायचं काय त्यात?

राज्यानं पहिलीपासून इंग्रजी आणलं २००० साली. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून एवढं रान उठलं, की सरकारला दोन्ही शासन निर्णय रद्द करावे लागले. भाषा कितवीपासून, यावर आपण रस्त्यावर उतरतो. दहा वर्षं शिकून पोराला स्वतःच्या मनातल्या चार ओळी लिहिता येतात का, हे पालकसभेतही कोणी विचारत नाही.

इलाज काही थोर नाही. मुलाला ठाऊक आहे तेच त्याला लिहायला सांगा : न येणारी एसटी, शाळेचा कोरडा नळ, ऊसतोडीला गेलेले आईबाप. मोडकंतोडकं लिहू दे. सगळं पान लाल करू नका. या खेपेला फक्त भूतकाळ बघा, पुढच्या खेपेला परिच्छेद. शेजारच्या मुलानं आधी वाचावं आणि कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकावं, म्हणजे मास्तरांचाही भार हलका होईल. मग तोच निबंध सुधारून पुन्हा लिहायचा. (आपल्याकडे ‘पुन्हा लिही’ ही फक्त शिक्षा असते.) या सगळ्याला ना टॅब लागतो, ना स्मार्ट बोर्ड. निविदाच निघत नाही, म्हटल्यावर कुणाला उत्साह येणार?

मंडळानं एवढंच करावं. पाठ केलेल्या बिनचूक पत्राला दोन गुण द्यावेत, चुकलेल्या पण स्वतःच्या पत्राला चार. एकच वर्ष करून बघा आणि निकाल गाईडच्या खपावरून मोजा.