माणशी

देवासचे नाना लग्नाच्या पंगतीतून उठले की हात धुवायला जात नाहीत, आधी आचाऱ्याकडे जातात. "माणशी किती पडलं?" आचारी आकडा सांगतो. नाना डोळे मिटून तो तोंडात घोळवतात आणि मग त्यांना कळतं, श्रीखंड कसं झालं होतं ते. आकडा चांगला तर श्रीखंड चांगलं. तुमच्याकडेही असा एक असणारच. त्याला तुम्ही भाऊ म्हणत असाल, अण्णा म्हणत असाल. पण सहलीचा विषय निघाला की खिशातून पेन कोण काढतं ते आठवा.

नानांची उभी नोकरी देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये झाली. ज्याच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभर कोऱ्या नोटांचे ताव गेले, त्याला पैशाची हाव उरत नसावी. नानांना ती नाहीच. त्यांना फक्त भागाकार लागतो. त्यात गाव देवास. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंनी इथे बस्तान मांडलं आणि पुढे राज्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एका गावाला दोन राजे, दोन दरबार आणि हद्द भर वस्तीतून. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होऊन राहिला होता. त्याला या प्रकाराचं इतकं नवल वाटलं, की १९५३ साली 'द हिल ऑफ देवी'मध्ये त्याने ते लिहून ठेवलं. नानांना त्यात नवल वाटत नाही. ते एवढंच विचारतात, "मग राजामागे रयत किती पडली?" टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. नारळ दोन लागतात, एवढीच नानांची देवाधर्माबद्दलची तक्रार. तरुणपणी कुमार गंधर्वांचा रियाज त्यांनी टेकडीखालच्या रस्त्यावर उभं राहून ऐकलाय. तो हिशोब सांगताना मात्र हात जोडतात, "माणशी शून्य."

तर या नानांनी गेल्या वर्षी फर्मान काढलं : सगळ्या भावकीने मिळून मुंबईहून जहाजाने गोव्याला जायचं.

आमचे पूर्वज माळव्यात आले ते घोड्यांवरून. पाणी म्हणजे क्षिप्रा, फार तर नर्मदा. समुद्राशी आमच्या घराण्याचा संबंध आला तो खाऱ्या शेंगदाण्यांपुरता. धारच्या काकांनी लगेच अडवलं, "नाना, जहाजच बघायचंय ना? मग मांडूला चला. पस्तीस किलोमीटर. जहाज महाल उभाच आहे." मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये गियासुद्दीन खिलजीच्या काळापासून तो सुमारे चारशे फूट लांबीचा महाल पाण्यात उभ्या जहाजाचा आव आणून उभा आहे, आणि धारच्या लोकांना त्याचा फार अभिमान. गियासुद्दीनच्या जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या अशी आख्यायिका आहे. नानांनी तिथल्या तिथे भागाकार केला. "चारशे फुटांत पंधरा हजार? म्हणजे भिया, बहुतेकींना आतलीच खोली. केली का कुणी कुरकुर?"

इथे आम्हाला पहिल्यांदा शंका आली, की नानांच्या मनात खिडकी नाही.

मुंबई-गोवा जलप्रवास तसा जुना. कोकणातली माणसं बोटीच्या डेकवर पथारी टाकून पिढ्यानपिढ्या गेली. पुढे बोटी बंद पडल्या. २०१८ साली 'आंग्रिया' निघाली आणि २०२१पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' मुंबईहून सुटू लागली. ही १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने सेवेत आलेली, अकरा डेकची. नानांनी असल्या जहाजांचं सगळं वाचून काढलं. मग जहाजाच्या नकाशाची मोठी झेरॉक्स काढून आणली, ती देवासच्या माजघरात सतरंजीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. वाट्यांत डाळी. मोठ्या माणसाला हरभरा, पोराला मूग, गुडघे दुखणाऱ्याला शेंगदाणा. आम्ही चौदा जण त्या सतरंजीवर तासभर खोल्याखोल्यांतून सरकत होतो. मी हरभरा होतो. मला दोनदा स्वयंपाकघराखालच्या खोलीत टाकून पुन्हा काढलं, कारण पहाटे चारपासून वर भांडी वाजतील.

कबूल करायला जिवावर येतं, पण माणसाचा अभ्यास होता. खोल्या चार तऱ्हांच्या : आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सुइट. सुइटवर त्यांनी दर न वाचताच फुली मारली. "आतल्या खोलीला काय धाड भरली आहे? रात्री खिडकीतून दिसतं काय? काळं. त्यापेक्षा भिंत पांढरी आहे." मग खोलीत चौघं. पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला कमी. त्यांच्या खाटा भिंतीतून नाहीतर छतातून खाली ओढायच्या, रेल्वेच्या अप्पर बर्थसारख्या. हे वाचलं तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. शिवाय जहाज सगळ्यात कमी हिंदकळतं ते मधोमध आणि खालच्या डेकवर, आणि भाडं कमी तेही खालच्याच डेकवर. "म्हणजे जास्तीचे पैसे भरणाऱ्याने वर जाऊन ओकायचं, आणि आपण खाली स्वस्तात झोपायचं. देव आहे." लिफ्ट जवळ हवी, पण भिंतीला लागून नको. वर डिस्को नको. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नको, आवाज झिरपतो. सगळ्यात स्वस्त ती 'गॅरंटी' खोली : पैसे आज भरायचे, नंबर कंपनी मागाहून देणार. ती नानांनी झिडकारली. "नंबरच नाही, तर गॅरंटी कसली?" आणि जाहिरातीतल्या दरावर कुणी भुलू नये म्हणून बंदर शुल्क, सेवा शुल्क, कर असं सगळं मिळवून, भागून, खाली दोन रेघा मारून त्यांनी आकडा जाहीर केला. माणशी.

गाडं अडलं ते आत्यापाशी. आत्या एकटी. जहाजवाल्यांच्या हिशोबात खोली दोघांची असते; एकट्याने राहायचं तर न आलेल्या दुसऱ्याचंही भाडं बहुतेक तोच भरतो. नानांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "माणूस एक आणि माणशी दोन?" त्यांचा आवाज इतका चढला की शेजारचे डोकावले. शेवटी माझ्या मुलीला आत्याच्या खोलीत टाकलं, तेव्हा कुठे नाना पाणी प्यायले.

पुण्याच्या चुलतभावाने फोनवरून स्वतंत्र बाल्कनी मागितली. नाना शांतपणे म्हणाले, "तू बाल्कनीत बसणार किती? दोन तास. उरलेल्या बावीस तासांचं भाडं कोणाच्या नावावर टाकू?" मग त्यांनी आपली योजना उलगडली. आत्या आणि माझी मुलगी यांची तेवढी एक खोली बाल्कनीची. बाकी बारा जण आतल्या तीन खोल्यांत, चार-चार. बाल्कनी सगळ्यांची, पाळीपाळीने. तीही उजव्या अंगाची. कारण गोव्याला जाताना उजवीकडे खुला समुद्र आणि मावळता सूर्य, आणि परतताना तीच उजवी बाजू किनाऱ्याकडे फिरते, तिथे उगवता सूर्य. "एका भाड्यात दोन सूर्य," असं म्हणून त्यांनी मुगाचा एक दाणा तोंडात टाकला. तो पुण्याच्या भावाचा मुलगा होता.

अवंतिका एक्स्प्रेसने आम्ही मुंबई गाठली. धारच्या मंडळींना इंदूरपर्यंत बसने यावं लागलं. धारला रेल्वे न्यायची म्हणून इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ साली झाली होती. काकांना रेल्वेआधी जहाज मिळालं. बाहेरचं खाणं जहाजावर चालत नाही हे नानांनीच सगळ्यांना बजावलं होतं, आणि तपासणीत शेवेची पुडी निघाली ती नानांच्याच पिशवीतून.

जहाज सुटल्याबरोबर आत्याच्या दारामागे बाल्कनीचं वेळापत्रक लागलं. चिकटपट्टी कुणी आणली नव्हती, म्हणून धारच्या काकूंच्या चार टिकल्यांनी ते चिकटवलं. सूर्यास्त : आत्या आणि काकू. साडेसात : मुलं. नऊ : सूनबाई. धारच्या काकांच्या वाट्याला रात्री दोन ते तीन. ते भडकले, "मी येणार नाही." आणि दोनला पाच कमी असताना शाल गुंडाळून हजर झाले. तीन वाजता पुण्याचा भाऊ डोळे चोळत पाळीवर आला, तर काका उठायलाच तयार नाहीत. म्हणाले, "थांब रे, आत्ताच कुठे दिसायला लागलंय." दिसत काहीच नव्हतं. काळं होतं. आत झोपलेल्या आत्याची झोप उडाली, ती उठून बसली. मग सगळ्यांनाच चहा हवासा वाटला. खुर्च्या दोन, माणसं सहा. नाना हातात घड्याळ धरून दारात उभे, कुणाची किती मिनिटं जास्त झाली ते लिहीत.

जेवण भाड्यात धरलेलं. त्यावर नानांचं तत्त्वज्ञान स्वतंत्र. "प्रत्येक भजं दर खाली आणतं." मुलांना ते भजी मोजून खायला लावत. जैनांसाठी वेगळं जेवण आहे म्हटल्यावर तेही चाखून आले, धर्म विचारला तर म्हणाले, "हिशोबाने जैन." पोहण्याच्या तलावात उतरले नाहीत, पण काठावर बसून तलावात किती जण आहेत ते मोजलं. रात्री ते तीन पोरांच्या खोलीत, वरच्या खाटेवर. शिडी चढून झोपायचं ते वय नव्हे, पण चौथी खाट स्वस्त आणि ती त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊच केली नाही. आमच्या खोलीत पुण्याचा भाऊ, वहिनी, मी आणि माझी बायको. इतका सभ्य घोरण्याचा प्रयत्न मी आयुष्यात केला नव्हता.

परतल्यावर हिशोब मिटवायला मी देवासला नानांकडे थांबलो. सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर त्यांनी वही उघडली. सहलीचं पान सापडेना, म्हणून मी मागची पानं उलटू लागलो. घरखर्चाची ती वही. दूध, वीज, गॅस, वर्तमानपत्र. प्रत्येक महिन्याला तीन रकाने : एकूण, माणसं, माणशी. जुन्या पानांवर मधल्या रकान्यात चार होते. मुलगी सासरी गेली तिथे तीन. मुलगा अमेरिकेला गेला तिथे दोन. नानांच्या पत्नी गेल्या त्या महिन्यापासून एक. आणि तरी शेवटचा रकाना भरलेला होता, दर महिन्याला, नेटक्या अक्षरात. दूध पंधरा लिटर, माणसं एक, माणशी पंधरा लिटर. वर्षानुवर्षं डावा आकडा आणि उजवा आकडा तोच.

आत्याच्या खोलीवरून ते का इतके तापले होते ते मला तेव्हा उमगलं. एकट्या माणसाला दोघांचा खर्च पडतो, हे त्यांना जहाजवाल्यांनी शिकवायची गरज नव्हती. घर तेवढंच, दिवा तेवढाच, देवापुढची वात तेवढीच आणि भागायला कुणी नाही. बेरजा करायला एक माणूस पुरतो. भागाकाराला भावकी लागते. म्हणून हा गृहस्थ रात्री पावणेअकराला फोन करतो, नकाशे पसरतो, आम्हाला डाळीत घालतो, चौघांना एका खोलीत कोंबतो, आणि आम्ही त्याला कंजूष म्हणतो. तो कंजूष आहेच. त्याबद्दल मतभेद नाहीत.

मी वही मिटली. नाना म्हणाले, "सापडलं का पान? तुझ्याकडे एकशे सदतीस रुपये निघतात." मी एकशे चाळीस दिले. त्यांनी सुटे तीन परत केले.

आता लक्षद्वीपचा नकाशा आला आहे. नानांच्या हिशोबाप्रमाणे अठरा जण झाले तर दर आणखी खाली येतो. सोळा झाले आहेत. धारचे काका या वेळी स्वतःहून, आणि रात्री दोनची पाळी आधीच राखून. दोन माणसं कमी पडताहेत. तुमच्या पाहण्यात कुणी असेल तर कळवा. घोरणारं चालेल, एकटं असेल तर अधिक चांगलं, फक्त खिडकीचा आग्रह नको. भजी मात्र खाल्ली पाहिजेत.