दोन सूत जास्त

कपाटाचं दार चौकटीत बसेना. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, टेप लावली, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "साहेब, दोन सूत जास्त झालंय. माप कुणी घेतलं होतं?"

माप मी घेतलं होतं. लेकीच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी तीनदा सरकवून. चाळीस भरले. मिस्त्रींना सेंटिमीटर चालत नाहीत, म्हणून शाळेतल्या आठवणीने अडीचने भागलं आणि फोनवर ऐटीत सांगितलं, "बरोब्बर सोळा इंच!" आता इंच अडीच सेंटिमीटरचा नसतो, २.५४ चा असतो. त्या वरच्या ०.०४ ला मी आयुष्यात कधी खिजगणतीत धरलं नव्हतं. त्याने दार पाव इंच फुगवलं. इंचाचे सूत आठ, म्हणजे पाव इंच झाला दोन सूत. मिस्त्रींना जे एका डोळ्याने दिसलं, ते पटायला मला पाठकोरा कागद लागला.

सगळाच दोष माझा नाही. १९५६ साली कायदा करून आपण मेट्रिक झालो खरे, पण सुतारकामापर्यंत ती वार्ता अर्धीच पोचली. प्लायवुडच घ्या. लांबी-रुंदी आठ बाय चार फूट, जाडी एकोणीस मिलिमीटर. एकाच फळीत लांबीला इंग्रजांचं राज्य, जाडीला फ्रेंचांचं. आमच्या घरात पाऊस मिलिमीटरमध्ये पडतो, टीव्ही इंचांत आहे, आईचं लुगडं वारात, आणि गावची जमीन, भावकीत वाटून जी काही उरली ती, गुंठ्यात.

मिस्त्री दार उतरवत होते, तेवढ्यात आतून आठवीतली लेक ओरडली, "बाबा, एका प्रकाशवर्षाचे नॅनोमीटर किती?"

गेलेली अब्रू भरून काढायची संधी होती. फोनला विचारलं. उत्तर आलं, '९.४६ई+२४'.

"साडेनऊ," मी जाहीर केलं.

"साडेनऊ नॅनोमीटर? अरे बाबा, केसाची जाडीच ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात असते!"

मग तिने मला शिकवलं, की तो 'ई' म्हणजे दहाचा घात. ९४६ वर बावीस शून्यं. '+२४' हा जीएसटी असावा असं मला वाटलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही.

पण हे वाचायचं कसं? अर्थसंकल्पामुळे 'लाख कोटी'ची भीती मोडली आहे, त्यापुढे मात्र आपली दातखीळ बसते. भास्कराचार्यांची बसली नव्हती. ११५० सालच्या 'लीलावती'त संख्यांची शिडी थेट परार्धापर्यंत जाते, एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबाने एका प्रकाशवर्षाचे साडेनऊ कोटी परार्ध नॅनोमीटर. त्याच पुस्तकात लांबीचंही कोष्टक आहे: आठ यवांचं अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस, चार कोसांचं योजन. म्हणजे एका योजनात ६१,४४,००० यव, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कुठेही दशांशचिन्ह नाही. भास्कराचार्यांच्या काळात मी कपाट केलं असतं तर दार बसलं असतं.

आता मला चेव आला. प्रकाशवर्षाचे सूत काढले. तीस परार्ध, जवळजवळ. बाहेर जाऊन सांगितलं, "मिस्त्री, तीस परार्ध सूत!"

मिस्त्रींनी करवत थांबवली. "कमी का जास्त?"

लेक मात्र वही घेऊन मागोमाग आली. "बाबा, साडेनऊ नाही, ९.४६. तू चार हजार कोटी किलोमीटर उगाच वाढवलेस."

पडताळून पाहिलं. खरंच जवळजवळ तेवढे होते. सूर्यापासून नेपच्यून साधारण साडेचारशे कोटी किलोमीटरवर. म्हणजे नेपच्यूनला चार वेळा जाऊन यावं आणि तरी थोडं अंतर शिल्लक राहावं, एवढं मी तोंडातल्या तोंडात वाढवलं होतं. आकाशात कुठे काही घासलं नाही, कुठलं बिजागर कुरकुरलं नाही. आणि इथे दोन सुतांसाठी दार जमिनीवर आडवं पडलेलं, लाकडाचा भुसा सोफ्यापर्यंत.

संध्याकाळी दार बसलं. बोटाने ढकललं की गपकन लागतं.

"किती झाले?"

"पाचशे चाळीस," मिस्त्री पेन्सिल पुन्हा कानामागे खोचत म्हणाले. "राउंड फिगर सहाशे द्या."