समुद्राची सुप्रमा

समुद्राचं अंदाजपत्रक करायला बसलेल्या माणसाने पहिली ओळ ‘काचेची टाकी’ अशी लिहिली की समजावं, गडी नवा आहे. रीफ टँकच्या छंदात, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ घरात पाळण्याच्या उद्योगात, टाकीचं स्थान लग्नपत्रिकेसारखं असतं. तिच्यावाचून लग्न होत नाही. पण खर्च खर्च म्हणतात तो तिचा नव्हे.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यात आधी सासऱ्यांनी ओळखली. अण्णा पाटबंधारे खात्यात लेखापाल होते. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे दादरला राहायला आले, ते कापडी बांधणीच्या कोऱ्या वह्यांची चळत घेऊनच. माझा कागद त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला. टाकी, दिवा, पंप, मासे. एकूण चाळीस हजार.

“जावईबापू, यात आकस्मिक खर्च कुठे धरलाय?”

“लागणारच नाही, अण्णा.”

अण्णांनी कागदाची घडी घातली आणि वहीच्या कव्हरात सरकवली. मूळ प्रशासकीय मान्यतेची प्रत म्हणून.

दुकानात गेल्यावर पहिला धक्का आकाराचा बसला. टेबलावर मावेल एवढी टाकी घ्यावी, पाणी कमी म्हणजे खर्च कमी, असा सरळ हिशोब होता. दुकानातला पोरगा वाक्यागणिक ‘सर’ म्हणत होता, पण बोलत होता ते सगळं खरं. वीस लिटर पाण्यात एक कोळंबी मेली, तर तिच्या अमोनियाने दिवसाभरात बाकीचे जातात. दोनशे लिटरमध्ये तीच कोळंबी मेली, तर कळतही नाही. पाणी जितकं जास्त, तितकी चूक पचते. म्हणून तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण 190 लिटर. त्यात दगड, खाली लोखंडी स्टँड, स्टँडच्या पोटात संप नावाची दुसरी टाकी. सगळं मिळून तीनशे किलोच्या घरात जातं आणि ते तुळईच्या बाजूच्या भिंतीलाच ठेवावं लागतं. त्या भिंतीला सोफा होता. सोफा गेला.

मग पाणी. चौपाटी चालत दहा मिनिटांवर असताना पाणी विकत बनवायचं, हे अण्णांच्या गळी उतरेना.

“दोन कॅन घेऊन जा आणि भरून आण.”

“अण्णा, त्या पाण्यात अख्ख्या शहराचं सांडपाणी आहे.”

“मग नळाचं घे.”

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जुन्या पाइपातलं तांबं असू शकतं, आणि माणसाला न बाधणारं तांबंसुद्धा प्रवाळाला आणि कोळंबीला मारतं. म्हणून आधी आरओ, मग उरलेले क्षार शोषणारं डीआय, मग विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आलं की ते पाणी कोरं. कोऱ्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे काही लिटर पाणी मोरीत जातं. सोसायटीत पाणीकपात चालू असताना आम्ही ते बादल्यांत भरून जिन्यावरून खाली नेत होतो आणि बागेला घालत होतो. कधी नव्हे ते सेक्रेटरी आमच्याशी गोड बोलले.

कोऱ्या पाण्यात मीठ. पुन्हा अण्णा. “वडाळ्याला मिठागरं बघितलीयत मी. पोतंभर आणू.” मिठागरात नेमकी अडचण ही की तिथे खायचं मीठ खड्याने वेचून घेतात आणि मॅग्नेशियमसारखे बाकीचे क्षार खालच्या कडू पाण्यात सोडून देतात. प्रवाळाला हवं असतं त्यातलं बरंचसं त्या टाकून दिलेल्या पाण्यात. त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्राँशियम समुद्राच्याच मापात लागतं, सगळे क्षार मिळून लिटरला साधारण 35 ग्रॅम, आणि तसं मिश्रण परदेशातून बादलीने येतं. बादलीची किंमत ऐकून अण्णांनी ती ‘किराणा’ या सदरात लिहायला साफ नकार दिला. “किराणा म्हटलं तर पुढचा लेखापाल आत जाईल.” शेवटी ‘रसायने’ हे नवं सदर उघडलं.

खारटपणा जिभेने बघत नाहीत, रिफ्रॅक्टोमीटरने बघतात. तो आला. पाणी उडून जातं आणि मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोज कोरं पाणी वरून घालावं लागतं. त्यासाठी आपोआप चालणारा पंप आला. अण्णांनी शांतपणे विचारलं, “ही कितवी सुप्रमा?”

ज्यांचा पाटबंधाऱ्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. धरण पूर्ण होण्याआधी कागदावरची रक्कम जितक्यांदा वाढते, तितक्या सुप्रमा. प्रत्येक वाढीव रकमेला कारण असतं आणि ते कारण, वाईट म्हणजे, पटणारं असतं.

सर्वात पटणारं कारण चिलरचं होतं. यादीत आधी हीटर होता, कारण या छंदावरची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. दादरला मे महिन्यात पाणी गरम करायला वीज जाळणारा माणूस अण्णांनी घरात राहू दिला नसता. प्रवाळांना 25-26 अंश बरे वाटतात. आमच्या दिवाणखान्यात ते जानेवारीच्या पहाटेच सापडतात. म्हणून हीटर खोडून चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून खोलीत सोडतो. खोली तापली की टाकी तापते, टाकी तापली की चिलर पुन्हा घुरघुरतो. म्हणून खोलीला एसी.

“म्हणजे दिव्याने तापवायचं, चिलरने निववायचं, आणि चिलरने तापवलेलं एसीने निववायचं,” अण्णा म्हणाले. “एसीने तापवलेलं?”

“ते बाहेर जातं. रस्त्यावर.”

“तिथे अजून फुकट आहे ना?”

वीजबिलात 300 युनिटांचा टप्पा ओलांडला की दर उडी मारतो. ती उडी आम्ही पहिल्याच महिन्यात मारली. बायकोने बिल फ्रिजला चुंबकाने लावलं, नुसतं. बोलली काही नाही.

दिवा निळा असतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न बनवून घरमालकाला भाड्यात देतं. पाण्याखाली निळा उजेडच खोलवर पोचतो, म्हणून निळा. समोरच्या इमारतीतून बघणाऱ्यांना मात्र आमच्याकडे परमिट रूम उघडल्यासारखं वाटतं. दोघांनी अण्णांना खाली बागेत गाठून अदबीने वेळ विचारली.

सगळ्या यंत्रांत अण्णांना एकच यंत्र मनापासून आवडलं: स्किमर. बारीक बुडबुड्यांना पाण्यातली घाण चिकटते, फेस होऊन वर चढते आणि एका पेल्यात तपकिरी, भयानक वासाचं पाणी जमतं. काम दिसतं, मोजता येतं. तो पेला रिकामा करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि मिलिलिटरांत नोंदही.

“वीज नव्हती तेव्हा हे लोक काय करायचे?” त्यांनी एकदा विचारलं. मी त्यांना ॲना थिन यांची गोष्ट सांगितली. 1846 साली या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ लंडनला घरी नेले आणि जगवले. पंप नव्हता, घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, “आस्थापना खर्च. तो कुठेच सुटत नाही.” आमच्याकडच्या ताईंना ही गोष्ट सांगू नये, असं तेव्हाच ठरलं.

एवढं सगळं बसल्यावर मासे आणायचे नसतात. हे कुणी सांगत नाही. आधी टाकीत जिवाणू वाढू द्यावे लागतात: काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढा काळ आपण प्रखर निळ्या उजेडात, थंड केलेल्या पाण्यात, दगड पाळतो. नेमके याच काळात नातेवाईक येतात. काका-काकू पुण्याहून मुद्दाम आले. पाच मिनिटं टाकीकडे बघून काकू म्हणाल्या, “छान आहेत हो. लपलेत का?” अण्णांनी परस्पर उत्तर दिलं, “पद मंजूर आहे. भरती व्हायचीय.”

प्रवाळांच्या खरेदीत अण्णा स्वतः आले, कारण तिथे कायदा होता. आपल्या समुद्रातले प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ परवानगी घेऊन उचलून दुसरीकडे हलवावे लागले होते. त्यामुळे मालवणहून कुणी ‘एक तुकडा आणून देतो’ म्हणालं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. आम्ही घेतले ते टाकीत कलमं करून वाढवलेले, सुपारीएवढे तुकडे. अण्णांनी प्रत्येक तुकड्याची पावती मागितली. दुकानातला पोरगा प्रथमच ‘सर’ म्हणायचा विसरला.

शेवटी क्लाउनफिशची जोडी आली, टाकीतच जन्मलेली. सगळ्या वहीत सगळ्यात स्वस्त नोंद हीच. अण्णांनी ती ‘पशुधन’ सदरात घातली. यांच्यात जोडीतली मोठी ती मादी; ती गेली, तर नर स्वतःच मादी होतो. त्या हिशोबाने 2003 च्या ‘फाइंडिंग नीमो’मधल्या बापाची पोराच्या शोधात निघण्याआधीच आई व्हायला हवी होती. अण्णांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘पदोन्नतीस पात्र’ असं लिहिलं.

आता रविवारी सकाळी अण्णाच टेस्ट किट घेऊन बसतात. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, आल्कलिनिटी आठ-नऊ, कॅल्शियम 420 च्या आसपास. माझ्या मोजणीवर त्यांचा विश्वास नाही.

मग काचेवर शेवाळ आलं. ते खायला गोगलगायी लागतात, सांडलेलं वेचायला शंखातले खेकडे. अण्णांनी पुरवणी मागणी मांडली आणि स्वतःच मंजूर केली: गोगलगायी कायम, वर्ग 4, खेकडे कंत्राटी. पंधरवड्याने सकाळी त्यांनी मला हाक मारली. एका खेकड्याने गोगलगाय खाल्ली होती आणि तिच्याच शंखात जाऊन बसला होता, कारण त्याचा त्याला लहान होत होता.

“कंत्राट्याने कायम माणसाला खाल्लं,” अण्णा म्हणाले, “आणि वर क्वार्टर घेतलं.”

“आता दुसरी गोगलगाय आणू?”

अण्णांनी वही उघडली. “पद रिक्त दाखवतो,” ते म्हणाले. “भरायचं नाही. आणि त्या खेकड्यासाठी मोठे रिकामे शंख आण चार. लिही, निवासव्यवस्था.”