मजुरीवर भांडण, बिलावर मौन

डोंगरकड्याच्या शेतकऱ्याला काट्यावर फसवणं सोपं नाही. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की तो आकड्यावरून नजर काढत नाही. केळीच्या दांड्याची कपात किती धरली, यावरून व्यापाऱ्याशी भांडतो. हळद विकायची तर वसमत, हिंगोली, नांदेड असे तिन्हीकडे फोन लावतो आणि मगच पोती गाडीत चढवतो. आणि हाच माणूस, याच पिकांच्या पैशातून घेतलेली आयुष्यातली पहिली कार गॅरेजात लावतो, चावी मिस्त्रीच्या हातात देतो आणि म्हणतो, "बघा मामा, काय असंल ते करून टाका."

ही कोऱ्या कागदावरची सही आहे.

दोष काय ते ठरलं नाही. कोणता भाग बदलायचा, कंपनीचा की लोकल, ते ठरलं नाही. मजुरी ठरली नाही. संध्याकाळी एकच आकडा येतो, "साडेअकरा हजार झाले, तुम्ही अकरा द्या." पाचशे सुटले म्हणून माणूस समाधानानं घरी जातो. काम मुळात तीन हजारांचं होतं की नऊ हजारांचं, हे त्याला त्या रात्रीही कळत नाही आणि पुढेही कधी कळत नाही.

कळमनुरी तालुक्याच्या या भागात पूर्वी गॅरेज म्हणजे ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकल. इसापूरच्या पाण्यानं केळी आणि ऊस आला, पैसा फिरू लागला, आणि दारात कार उभी राहिली. बहुतेकदा सेकंडहँड, नांदेडहून किंवा पुण्याहून आणलेली. आधीच्या मालकानं काय केलं, काय टाळलं, याचा कागद सोबत येत नाही. घरात गाडीतलं कळणारं कोणी नसतं. बापाला बैलाच्या खुराचं कळत होतं, मुलाला क्लचचं कळत नाही, आणि कळत नाही हे चारचौघांत बोलायची त्याला लाज वाटते. नव्या मालकाची सगळ्यात जास्त लूट ही लाज करते. ती आधी सोडा. "मला यातलं कळत नाही, मला दाखवून सांगा," हे वाक्य गॅरेजात मोठ्यानं म्हणा. चांगला मिस्त्री दाखवतो. ज्याला दाखवायचं नाही तो चिडतो, आणि तेवढ्यावर तुमचा निर्णय व्हायला हवा.

आता माझं खरं भांडण आपल्याशीच, म्हणजे गिऱ्हाइकाशी आहे. आपण भाव करतो तो चुकीच्या जागी करतो. बिलात दोन गोष्टी असतात, सामान आणि मजुरी. सामानाच्या आकड्यावर आपण गप्प बसतो, कारण त्यातलं कळत नाही. मजुरीवर मात्र तुटून पडतो, कारण माणसाच्या कष्टाचा भाव पाडायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, गाडीच्या पोटाशी पडून, अर्धा-पाऊण दिवस जातो. त्या मजुरीतून आपण तीनशे कापून घेतो आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग ज्या खोक्यांतून आलं ती खोकी बघायला मागत नाही.

मिस्त्री हे बघत असतो. गिऱ्हाईक कष्टाचे पैसे देत नाही, सामानाचे मुकाट देतं, हे त्याला पहिल्या वर्षभरात समजतं. सामानाच्या दुकानातून त्याला सूट मिळते, ती त्याची कमाई. मग जितकं सामान जास्त तितका त्याचा संसार नीट. सैल झालेली अर्थिंगची वायर घट्ट करून गाडी सुरू करणाऱ्याला आपण पन्नास रुपये टेकवतो, आणि नवी बॅटरी घाला म्हणणाऱ्याला हजारो मोजतो. असं असताना वायर कोण शोधील?

बॅटरीचंच बघा. सकाळी गाडी सुरू झाली नाही की पहिला शब्द येतो, "बॅटरी गेली." गेलेली असेलही. पण आधी टर्मिनलवर पांढरं-हिरवं साठलंय का ते बघा. मग मल्टिमीटर लावायला सांगा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन बंद असताना, साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी चार्ज आहे. इंजिन सुरू केल्यावर साधारण पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान गेलं तर अल्टरनेटर तिला चार्ज करतोय. इंजिन सुरू करूनही आकडा बाराच्या घरातच राहिला तर नवी बॅटरी घालूनही चार दिवसांनी गाडी पुन्हा तिथंच उभी राहणार, कारण दुखणं बॅटरीत नाही. हे मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतं. बॅटरीचं वॉरंटी कार्डही शोधा. मुदतीत असलेली बॅटरी विकत घ्यायची नसते, बदलून घ्यायची असते.

एसीचं तर याहून वाईट. मार्च लागला की गाड्या रांगेत आणि सगळ्यांना एकच औषध, "गॅस भरा." एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. छोट्या कारमध्ये तो असतो अर्धा किलोच्या आतबाहेर. बऱ्याच वर्षांत थोडा उतरला तर समजू शकतं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणारा तुमच्याकडून पुढच्या उन्हाळ्याचेही पैसे आजच ठरवून घेतोय. शिवाय आपल्याकडे अनेकदा गॅस कमी झालेलाच नसतो. काळ्या मातीची धूळ आणि ऊसतोडीच्या दिवसांतले रस्ते यांनी केबिन फिल्टर गच्च भरलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो समोरच्या कप्प्यामागे असतो आणि घरच्या घरी काढता येतो. आधी तो बघा, मग कंडेन्सरचा पंखा फिरतोय का बघा, आणि त्यानंतर गॅसचं बोला.

नांदेडला कंपनीच्या वर्कशॉपात गेलं की लूट होत नाही, असा एक समज आहे. तिथे जॉब कार्ड असतं, अंदाजपत्रक असतं, पक्कं बिल असतं, आणि हे सगळं चांगलंच आहे. पण अंदाजपत्रकात काय काय येतं ते वाचा. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. यातलं काही कधीतरी लागतं. दर सर्व्हिसला सगळं लागत नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात किती किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता असतो. सल्लागाराला अदबीनं विचारा, "साहेब, हे या तक्त्यात कुठे आहे?" नसेल तर ती ओळ खोडायला लावा आणि खोडलेल्या कागदावर सही करा. पुढे आणखी काही काम निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. गावातल्या गॅरेजात जॉब कार्ड नसतं, तिथे वहीचं पान चालतं.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल, ही भीती अनेकांना असते. या भीतीचा मोठा खटला आपल्या देशात होऊन गेलाय. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं कंपन्यांनी आपल्याच साखळीत अडकवून ठेवली आणि बाहेरच्या गॅरेजवाल्याला बाजाराबाहेर ढकललं, हा ठपका होता. बाहेरच्या मिस्त्रीकडे गेलात तर सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट लादू नका, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वरच्या पायऱ्यांवर लांबलं. म्हणून वॉरंटीच्या काळात फुकट होणारं काम कंपनीकडूनच करून घ्या, वॉरंटीचं पुस्तक वाचा, आणि ती संपली की मोकळ्या मनानं दोन ठिकाणी भाव काढा. पण तो निकाल डोंगरकड्याच्या मिस्त्रीच्याही बाजूचा होता, हे त्यालाही कोणीतरी सांगायला हवं.

सामानाकडे वळू. खोक्यावर छापील किंमत असते, उत्पादकाचं नाव असतं, महिना-वर्ष असतं. वेष्टनावर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. छापील किंमत सगळ्या करांसह असते, तिच्यावर आणखी जीएसटी लावता येत नाही, आणि तिच्याहून जास्त घेतले तर वैधमापन विभागाकडे तक्रार होते. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. पूर्वी कित्येक भागांवर 28 होता. गॅरेजवाल्यानं बिलात जीएसटी लावला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक त्याच बिलावर दिसला पाहिजे. क्रमांक नाही तर कर घ्यायचा अधिकार नाही. आणि काढलेलं जुनं सामान पिशवीत घालून मागा. गाडी लावतानाच सांगा, म्हणजे संध्याकाळी "टाकून दिलं" हे उत्तर ऐकावं लागणार नाही. ज्यानं खरोखर बदललंय त्याला जुनं द्यायला अडचण नसते. एखाद्या भागाच्या बदल्यात जुना जमा करून किंमत कमी होत असेल, तर ती वजावट बिलात दिसू द्या.

"बिल नको म्हणा, 18 टक्के वाचतील," हा सल्ला गावात सगळ्यात जास्त चालतो आणि सगळ्यात महाग पडतो. बिल नाही म्हणजे बदललेल्या भागाची वॉरंटी नाही, तक्रारीला पुरावा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. याच कायद्यानं आणखी एक मोठी सोय केली, जी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. काम नांदेडला केलं असो की पुण्याला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे हिंगोलीच्या ग्राहक आयोगात करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळ ठिकाणी तेवढ्यानंच समोरचा माणूस नीट बोलायला लागतो.

पण आयोगापर्यंत जायची वेळ यावी असं मला वाटत नाही. वारंगा फाट्यापासून अर्धापूरपर्यंतच्या रस्त्यावर शेड टाकून बसलेली माणसं आपलीच आहेत, त्यांच्या पोरांची लग्नं आपल्याच गावांत होतात. त्यांना चोर ठरवून प्रश्न सुटत नाही. त्यांना तपासणीचे पैसे द्यायला लागा.

आयटीआयमधून दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून आलेला एखादा मुलगा कर्ज काढून स्कॅनर घेतो. गाडीला जोडतो, कोड वाचतो, त्यावर विश्वास न ठेवता वायर तपासतो, सेन्सर तपासतो, तासभर डोकं चालवतो आणि सांगतो, "काका, सेन्सर चांगला आहे, कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, साफ केलं." तीनशे रुपये मागतो. आणि आपण पारावर येऊन सांगतो, नुसतं मशीन लावायचे तीनशे घेतले, काही बदललंसुद्धा नाही. त्यानं जो सेन्सर बदलला नाही, त्याचे हजारो रुपये आपल्या खिशात राहिले, हा हिशेब कोणी करत नाही. त्या मुलाला महिनाभरात कळतं की या गावात खरं निदान करणारा उपाशी राहतो. पुढच्या गाडीला तो सेन्सर बदलतो.

गाडी लावताना पहिला प्रश्न हाच विचारा, "नुसतं तपासून सांगायचे किती घेता?" तो सांगेल तो आकडा मान्य असेल तर भाव न करता द्या, काम दुसरीकडे करायचं ठरवलं तरी द्या. निदान वहीच्या पानावर लिहून घ्या, सामान आणि मजुरी वेगवेगळी मांडायला लावा, आणि मग घासाघीस करायचीच असेल तर सामानाच्या ओळीवर करा.