रॉकचा बडा ख्याल

आमचे मामा दर २९ ऑगस्टला रॉक संगीताची पुण्यतिथी पाळतात. १९६६ साली त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कमध्ये बीटल्सनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला. त्यानंतर जगात जे वाजलं, ते मामांच्या लेखी तेराव्याचं जेवण. ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी चोवीस दिवस आधी बाजारात आली, म्हणून बचावली.

मामांचा पुरावा तयार असतो. ११ फेब्रुवारी १९६३. लंडनच्या स्टुडिओत बीटल्सनी एका दिवसात दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. लेननला सर्दी झालेली. घसा पार जाणार म्हणून सगळ्यांत आरडाओरड्याचं गाणं शेवटी ठेवलं. काम संपलं, मंडळी घरी. याउलट १९६७ चं ‘सार्जंट पेपर’. त्याला म्हणे सातशे तास लागले. “सातशे तास!” मामा म्हणतात, “अरे, तेवढ्यात आमच्या सोसायटीची मीटिंगसुद्धा संपते!”

मी ‘सार्जंट पेपर’वाला आहे. त्यातल्या शेवटच्या गाण्यात चाळीस वादक खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आपापल्या वाटेनं चढत जातात, तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. मामांच्या येत नाही. त्यांना तिथे पाणी भरण्याची वेळ आठवते.

तरीही मामांच्या दुखण्यात तथ्य आहे, फक्त निदान चुकलंय. दर्जा घसरला नाही, लय बदलली. आपल्याकडे उलटं घडलं होतं. रात्रभर गाणाऱ्या गवयांना ७८ गतीच्या तबकडीनं तीन मिनिटांत बसवलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत जे करून ठेवलं, ते आपण अजून पुरवून पुरवून ऐकतो. रॉकचा जन्मच तीन मिनिटांतला. पुढे त्याला एल.पी.ची वीस मिनिटांची बाजू आंदण मिळाली, आणि चाळीतल्या माणसाला अचानक बंगला मिळाल्यावर होतं तेच झालं. सगळ्या खोल्यांत काहीतरी ठेवलंच पाहिजे!

या बंगल्याचं टोक म्हणजे ‘येस’ या ब्रिटिश बँडची १९७३ सालची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. दोन तबकड्या, चार बाजू, गाणी चार. गायक जॉन अँडरसनला ही कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या ‘योगी कथामृत’मधल्या एका तळटीपेवरून. ज्ञानेश्वरांनी सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या रचल्या हे खरं, पण श्लोकांवर. तळटीपेवर ऐंशी मिनिटं म्हणजे जरा जास्तच.

हे बँडमधल्याच रिक वेकमनला वाटू लागलं होतं. की-बोर्ड वाजवणाऱ्या या गृहस्थानंच पुढे सांगितलेला किस्सा असा: मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम चालू होता आणि वेकमनला फारसं काम नव्हतं. मदतनिसानं विचारलं, नंतर काय खाणार? यानं विंदालू, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू अशी यादी सांगितली. मदतनिसाला ‘नंतर’ ऐकू आलं नसावं. थोड्याच वेळात सगळं रंगमंचावर हजर, आणि वेकमननं वाद्यांवर मांडून ते खाल्लं. गोव्याचं विंदालू मी समजू शकतो. बॉम्बे आलू मात्र मुंबईत जन्म काढूनही माझ्या ताटात कधी आलेला नाही.

याच सभागृहात १७ मे १९६६ ला लोकसंगीतवाल्या बॉब डिलननं विजेची गिटार घेतली, म्हणून श्रोत्यांतून कुणीतरी ‘जूडस!’, म्हणजे विश्वासघातकी, असं ओरडलं होतं. तो मनुष्य मामांचा सख्खा मानसबंधू.

विंदालूचा किस्सा मी मामांना सांगितला, तेव्हा ते विजयानं उभेच राहिले. “बघ! वाजवणारासुद्धा जेवायला बसला!”

वेकमननं १९७४ मध्ये बँड सोडला. पुढची हकिगत मी मामांना अजून सांगितलेली नाही: १९७६ मध्ये तो परत आला.